दुर्गापुरा ते दुर्गापुरा, मार्गे पुणे

हशा नेमका कोणत्या रांगेतून आधी उठला, याविषयी आजही एकमत नाही. बायका पुरुषांच्या बाजूकडे बोट दाखवतात आणि पुरुष बायकांच्या. द्वारकेला मात्र तसूभरही शंका नव्हती. पहिला हसला तो तिचा नवरा. इतकी वर्षे एका घरात काढल्यावर माणसाचे हसणे भिंतीआडूनही ओळखू येते. इथे तर मधे फक्त जाण्यायेण्याची वाट होती.

साल २००५. जयपुरात बदलीवर आलेली काही मराठी कुटुंबे मुरलीपुऱ्यातल्या एका धर्मशाळेचे सभागृह घेऊन गणपती बसवीत. त्यांत रेल्वेतली माणसे होती, बँकांतली होती, विम्यातली होती. एखादे गाव वसावे इतकी ती नव्हती, पण एखाद्या गावाला पुरतील इतकी भांडणे त्यांच्यात होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी कथाकथनाची स्पर्धा असे. त्या वर्षीचा विषय होता 'रोजच्या जगण्यातली गोष्ट' आणि अट एकच होती, की कोणाचे नाव घ्यायचे नाही.

अलका बोलायला उभी राहिली तेव्हा द्वारका कौतुकाने सरसावून बसली होती. अलका म्हणजे दुर्गापुऱ्यात राहणाऱ्या उमाकांत या विमा अधिकाऱ्याची बायको. माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याकडचे. बोलणे असे की ऐकणाऱ्याला आपले स्वतःचे बोलणे ओबडधोबड वाटावे. मंडळाच्या हळदीकुंकवाला नवऱ्याचे नाव घेण्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती. तिचा उखाणा शेवटी ठेवत, कारण त्यानंतर दुसरी कोणी तोंड उघडायला धजत नसे.

तिने सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. एक म्हातारी जन्मभर जावयाच्या घरी राहिली. पुढे ती वारली. लेक तिच्या अस्थी घेऊन जयपूरजवळच्या टेकडीवर, गलत्याच्या कुंडावर गेली. तिथल्या माकडाला वाटले, तांब्यात खाऊ आहे. त्याने तांब्या पळवला, कुंडाकाठच्या दगडी छत्रीच्या घुमटावर नेला, फडक्याची गाठ सोडली, आत हात घातला आणि बोटे चाटली. खालून लेक ओरडते, "आई, खाली ये," आणि जावई ओरडतो, "अगं, ते माकड आहे." तेवढ्यात माकडाने तांब्या उपडा केला आणि सासूबाई जावयाच्या डोक्यावर बसल्या, त्या बसल्याच.

सभागृह अक्षरशः लोळले. लहान मुले, ज्यांना निम्मी मराठी कळत नव्हती, तीही माकडाच्या नकलेवर हसली. अलकेने बोटे चाटण्याचा अभिनय दोनदा करून दाखवला.

परीक्षक होते आनंदराव. केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतरही परीक्षण न सुटलेले. त्यांनी पहिले बक्षीस अलकेला दिले, पण देताना एक बारीक टोचणीही दिली. कल्पना बहारदार आहे, ते म्हणाले. मात्र विषय रोजच्या जगण्याचा होता, आणि रोजच्या जगण्यात असे काही घडत नसते. ते फार सपक असते. सकाळचे दूध, दुपारचा डबा, संध्याकाळची भाजी. म्हणून तर माणसाला गोष्टी रचाव्या लागतात. "हे रचलेलं आहे, हे उघड आहे," ते हसून म्हणाले, "पण रचलंय झकास."

द्वारकेने टाळी वाजवली नाही.

ती म्हातारी म्हणजे पार्वतीबाई, द्वारकेची आई. मुलगा नाही म्हणून लेकीकडे राहिलेली. रेल्वेचा नवा विभाग जयपुरात सुरू झाला तेव्हा द्वारकेच्या नवऱ्याने, शामरावाने, इकडे येण्याचा पर्याय निवडला. तो डबे दुरुस्त करणारा फिटर. मूर्तिजापूरची उन्हे सोसलेल्याला इथली उन्हे परकी वाटणार नाहीत, असा त्याचा हिशेब. सासूही त्याच्याबरोबर आली. खातीपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत तिने दोन वर्षे काढली आणि एका माघात, हिंदीचा एक शब्दही न शिकता, ती गेली.

गलत्याला घडले ते असे. अस्थींचा तांब्या जमिनीला टेकू द्यायचा नाही आणि झाकून लपवून न्यायचा नाही, हे द्वारकेने मूर्तिजापुरात लहानपणापासून पाहिलेले. तिथे तांब्या उघड्या ओंजळीत धरतात, म्हणजे वाटेतल्या माणसाला कळते आणि तो हात जोडून बाजूला होतो. गलत्याच्या पायथ्याशी फुले विकणाऱ्या बाईने तिला हिंदीत बजावले होते, की पोटली पदराखाली घे. इथले लोक माकडांना दाणे-फुटाणे बांधून आणतात. गाठ मारलेले फडके म्हणजे खाऊ, हे माकडांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना पाठ आहे. द्वारकेला हिंदी कळली. पण आई काय चोरीचा माल होती, पदराखाली न्यायला? तिने तांब्या आणखीच उंच धरला.

माकड आले कधी आणि गेले कधी, ते तिला समजले नाही. समजले तेव्हा आई छत्रीवर होती. मग वारा सुटला. थोडी आई कुंडात पडली, थोडी पायऱ्यांवर, थोडी अनोळखी यात्रेकरूंच्या केसांत. तांब्या गडगडत खाली आला तेव्हा त्यात चिमूटभर राख उरली होती. द्वारकेने ती पाण्यात सोडली. आईचा किती भाग मार्गी लागला आणि किती त्या टेकडीवर भटकत राहिला, हा प्रश्न तिने कोणाला विचारला नाही. फक्त एकीला सांगितला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला, अलकेच्या स्वयंपाकघरात, दार लोटून. त्या वेळी अलकेने तिचा हात हातात घेतला होता आणि तिचे डोळेही भरले होते. ते भरणे खोटे नव्हते, असे द्वारका अजूनही सांगते. त्यामुळेच ते तिला जास्त लागले.

प्रसादाच्या रांगेत द्वारकेने अलकेला गाठले. आवाज चढवला नाही. "अलकावहिनी, ते माही माय होती."

अलका क्षणभर गोंधळली, मग तिने द्वारकेच्या दंडावर हात ठेवला. "अहो द्वारकाबाई, नाव कुठं घेतलं मी? कुणाला पत्ता तरी लागला का? आणि हसण्याने दुःख हलकंच होतं बघा."

"मंग सांगा त्यायले, का खरं हाये म्हणून. आनंदराव म्हणून राहिले, रचलं हाये."

"आता? म्हणजे, बक्षीस मिळाल्यावर?" अलका हसली, आणि मागून कोणीतरी अभिनंदनाला आले म्हणून वळली. ती परत वळलीच नाही.

घरी शामरावाने सारवासारव केली. ती आपलीच गोष्ट आहे हे मला आधी उमगले नाही, माकड आले तेव्हा उमगले, असे तो म्हणाला.

"माकड आल्यावर बी हसतच होता तुमी," द्वारका म्हणाली.

पुढे कित्येक दिवस त्याच्या डब्यात रोज कोरडी भाकर आणि ठेचा निघत असे, आणि तो मुकाट खात असे.

नवऱ्याची शिक्षा तेवढ्यावर भागली. अलकेची भागणार नव्हती. द्वारकेला काय हवे होते, हे तिच्या मनात अगदी स्वच्छ होते. हसलेल्या त्याच माणसांनी, त्याच सभागृहात, तिच्या आईचे जे झाले ते खरे मानायला हवे होते. आणि अलकेला तिथेच बसून कळायला हवे होते, की आपल्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून, हशासकट, कशी ऐकू येते. प्रत्येकाच्या घरात एक माकड असते, अशी तिची खात्री होती. अलकेच्या घरातले शोधायचे होते, एवढेच. भांडण करून घराचे दार बंद झाले असते. म्हणून ती भांडली नाही. तिने मैत्री वाढवली.

त्या वर्षात द्वारका दुर्गापुऱ्याला जितकी गेली तितकी स्वतःच्या बहिणीकडेही कधी गेली नसेल. कधी मेथीची जुडी निवडायला, कधी पडद्यांना शिवण घालायला. अलकेलाही ते बरे वाटे. उमाकांत दिवसभर कार्यालयात, एकुलती एक लेक तनया नोकरीसाठी पुण्याला, आणि फ्लॅट मोठा. द्वारका डोळे उघडे ठेवून बसे. पण महिनोन्‌महिने काही हाती लागेना. आनंदराव म्हणत ते खरे की काय, असे तिला वाटू लागले. सकाळचे दूध, दुपारचा डबा, संध्याकाळची भाजी. त्या घरात आवाज चढत नव्हता, भांडे आपटत नव्हते, दार धाडकन लागत नव्हते. इतके शांत घर तिने पाहिले नव्हते. ही शांतताच आपण शोधतो आहोत, हे तिच्या लक्षात यायला वैशाख उजाडावा लागला.

वैशाखात अलकेच्या गच्चीवर कुरडया घालायचे ठरले. वऱ्हाडातल्या बाईला कुरडया आणि जयपूरला ऊन, दोन्ही सांगावे लागत नाही. गहू भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढला होता. तो शिजवून, गरम असतानाच साच्यातून पाडायचा होता. दोघींचे हात कोपरापर्यंत चिकाने माखलेले. गच्चीवर लुगडे पसरायला गेलेली द्वारका खाली येऊन म्हणाली, की वाऱ्याने कापड उडते आहे, कडेला दोरी बांधायला हवी.

उमाकांत बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. रविवार होता. दार उघडेच होते. हाक मारली असती तर स्वयंपाकघरातून सहज पोहोचली असती.

अलका म्हणाली, "द्वारकाबाई, जरा तेवढा फोन लावता? माझे हात खराब आहेत. पुण्याचा नंबर भिंतीवर लिहिलाय बघा."

द्वारकेने हात पुसले, नंबर फिरवला आणि रिसीव्हर अलकेच्या कानाशी धरला. अलका बोलली, "तनू, बाबांना सांग, माळ्यावरची दोरी काढून गच्चीवर बांधून द्या. कापड उडतंय. हो. आणि तू जेवलीस का?" मग मान हलवली, म्हणजे ठेवा.

द्वारका रिसीव्हर ठेवते न ठेवते तोच बाहेरच्या खोलीत मोबाइल वाजला. उमाकांतचा आवाज आला, "हां तनू. दोरी? बरं." खुर्ची सरकली. स्टूल ओढल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने जिन्यावरून गच्चीकडे पावले गेली. उतरताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी क्षणभर थबकला, द्वारकेला "नमस्कार, काय म्हणतात शामराव?" असे अगत्याने विचारले, आणि पुन्हा पेपरामागे गेला.

द्वारका तशीच उभी राहिली. दुर्गापुऱ्याच्या स्वयंपाकघरातून निघालेला निरोप पुण्याला जाऊन दुर्गापुऱ्याच्याच बाहेरच्या खोलीत पोहोचला होता. आणि जाऊन येईपर्यंत चीक गरमच होता.

मग एकेक गोष्ट तिला मागून आठवत गेली. हे दोघे मंडळात शेजारी बसत, हसत, एका स्कूटरवरून येत. पण कधी एकमेकांशी बोलले होते का? "आमच्या ह्यांना गोड फार," असे अलका तिसऱ्याला सांगे. "हिच्या हाताला चव आहे," असे तोही तिसऱ्यालाच सांगे. नवऱ्याचे नाव ती घेत असेल तर ते केवळ उखाण्यात, आणि तेही वर्षातून एकदा.

अलकेने तिचा चेहरा वाचला. खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. रिसीव्हर द्वारकेनेच धरला होता. गच्चीवर साचा फिरवत, खाली बघत ती सांगत गेली. सात वर्षे झाली. तेव्हा ते भोपाळला होते. साताऱ्याहून फोन उमाकांतच्या कार्यालयात आला, की अलकेचे वडील गेले. त्या आठवड्यात वरिष्ठांची तपासणी चालू होती. ही बातमी कळली की बायकोला घेऊन निघावे लागेल, म्हणून त्याने ती दोन दिवस पोटात ठेवली. त्या दोन दिवसांत अलकेने घरात पुरणपोळी केली होती आणि त्याने ती खाल्लीही होती. ती साताऱ्याला पोहोचली तेव्हा स्मशानातली राखही भरून झाली होती. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. आधी तनू घरात होती, ती या खोलीतून त्या खोलीत निरोप न्यायची. तनू पुण्याला गेली, पण निरोप नेण्याचे काम तिच्याकडेच राहिले. "सवय झाली हो," अलका म्हणाली. "आता बोलायचं म्हटलं तरी काय बोलणार?"

इथे द्वारकेचा हात थांबला, हे नोंदवणे आवश्यक आहे. बापाचे तोंड न पाहायला मिळालेली बाई आणि आईची राख वाऱ्यावर गेलेली बाई, एकाच पातेल्यापाशी बसल्या होत्या. भाद्रपदापासून जपलेला राग तिला त्या घटकेला जड झाला. अलका आणखी काही न बोलती तर ही गोष्ट कदाचित कुरडयांबरोबर वाळून संपली असती.

पण अलकेने मनगटाने डोळे पुसले आणि वातावरण हलके करावे म्हणून ती हसून म्हणाली, "आमचं आपलं रडगाणं. तुमच्यासारखं मजेदार काही आमच्याकडे नाही बाई."

द्वारकेने साच्यात चीक भरला आणि दांडा दाबला. पुढच्या सगळ्या कुरडया एकसारख्या पडल्या.

भाद्रपदात मंडळाचे गणपती बसले. स्पर्धेचा विषय आनंदरावांनी मुद्दाम तोच ठेवला होता. गेल्या वर्षी कोणी रोजचे जगणे सांगितलेच नाही, अशी त्यांची तक्रार होती. द्वारकेने नाव दिले तेव्हा शामराव चकित झाला. मायची गोष्ट सांगणार का, असे त्याने चाचरत विचारले. ती म्हणाली, ती तर सांगून झाली.

गेल्या वर्षीची विजेती म्हणून अलका बायकांच्या पहिल्या रांगेत होती. उमाकांत वाटेच्या पलीकडे, पुरुषांच्या पहिल्या रांगेत, आनंदरावांच्या शेजारी. द्वारका उभी राहिली, पदर खोचला आणि आपल्या मूर्तिजापुरी बोलीतच सुरुवात केली. त्या बोलीलाच काहीजण आधी हसले.

"एका घरात नवरा-बायको राहत. दोघंही शिकलेले, दोघंही गोड. पण बोलत नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. बोलणंच नाही. बाईले मीठ पायजे असलं का ते पुण्याले फोन लावते."

सभागृहात खसखस पिकली. द्वारका थांबली नाही. बाई लेकीला सांगते, बाबांना म्हणाव मीठ आणा. लेक पुण्याहून बापाला सांगते. बाप बाजूच्या खोलीतून उठून मीठ आणतो आणि ओट्यावर ठेवून जातो. बापाला कळते की भाजीत मीठ जास्त झाले; तो पुण्याला फोन लावतो. पुण्याहून परत भाजीकडे फोन येतो. तिने रिसीव्हर कानाशी धरल्याचा, मान हलवल्याचा, खुर्ची सरकवल्याचा अभिनय केला. दोघांचे आवाज काढले. अलकेकडून ती शिकली होती, की ज्या गोष्टीने हसवायचे असेल तिच्यातले मढे आधी बाहेर काढून ठेवायचे. भोपाळ तिने वगळले. तपासणी वगळली, पुरणपोळी वगळली, साताऱ्याची राख वगळली. अलकेने तिच्या आईच्या गोष्टीतून जे वगळले होते, नेमके तेच तिने अलकेच्या बापाच्या गोष्टीतून वगळले.

हशा आता लाटांनी येत होता. पुढच्या रांगेतली अलका सुरुवातीला इतरांसारखीच हसत होती. 'पुण्याले' या शब्दावर तिचे हसणे तोंडावर तसेच राहिले आणि डोळ्यांतून निघून गेले. द्वारकेने ते पाहिले. त्यासाठीच ती वर्षभर थांबली होती, आणि तिने ते डोळे भरून पाहिले. मग अलका उठली आणि बाजूच्या दाराने व्हरांड्यात गेली. प्रसादाच्या तयारीला बायका सारख्या उठत-बसत होत्या, त्यामुळे कोणी लक्ष दिले नाही. उमाकांत जागचा हलला नाही. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"तर असं ते घर," द्वारका म्हणाली. "संपली गोष्ट."

टाळ्या पडल्या. आनंदराव माइकपाशी आले. गोष्ट फर्मास आहे, त्यांनी कबूल केले, पण पुन्हा तीच चूक झाली. एका छपराखाली राहणारी शहाणीसुरती माणसे परगावच्या फोनवरून मीठ मागवतील, हे कोणाला तरी पटेल का? "द्वारकाबाई, वास्तव इतकं विलक्षण..."

वाक्य पुरे झाले नाही, कारण त्यांच्या शेजारच्या खुर्चीतला मोबाइल वाजला.

तो दोनदा वाजला असे द्वारका सांगते. पाच-सहा वेळा वाजला असे इतर सांगतात. उमाकांतने तो का उचलला, याचा उलगडा कोणालाच करता आलेला नाही. सवय, एवढेच म्हणता येईल. वर्षानुवर्षे ती घंटा वाजली की त्याचा हात उठत होता. तसाच तो उठला. माइक समोरच होता, आणि आनंदराव बोलायचे थांबल्यामुळे सभागृहही थांबले होते.

"हां तनू," तो म्हणाला. "बाहेर? व्हरांड्यातल्या फोनवरून? ... का रडतेय? ... बरं. येतो म्हणावं तिला."

मागच्या रांगेतले एक मूल मोठ्याने म्हणाले, "मम्मी, पुणेवाला फोन!" त्याच्या आईने त्याचे तोंड दाबले. उमाकांतने फोन बंद केला. इतकी माणसे आपल्याकडे का पाहत आहेत हे त्याला बोलून झाल्यावर समजले. तो उभा राहिला, खुर्ची नीट मागे सरकवली आणि त्याच बाजूच्या दाराने बाहेर गेला. दार त्याने आवाज न करता लावले. थोड्या वेळाने अंगणातून स्कूटर सुरू झाल्याचे ऐकू आले. तिच्यावर दोघे बसले होते की एकटाच गेला, हे आत बसलेल्यांपैकी कोणी पाहिले नाही, आणि जे लोक ते पाहिल्याचे सांगतात त्यांच्या सांगण्यात मेळ नाही.

आनंदराव अजून माइकपाशीच होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे, हे..." त्यांनी द्वारकेकडे पाहिले. "हे खरं होतं?"

"हो."

लेखापरीक्षणात एक नोंद खोटी निघाली की मागच्या सगळ्या नोंदी उलटून पाहाव्या लागतात. एक खरी निघाली तरी तसेच करावे लागते, हे त्यांना त्या क्षणी जाणवले असावे. "आणि गेल्या वर्षीची? ती माकडाची?"

द्वारका व्यासपीठाच्या मधोमध आली. आता ती घाईत नव्हती.

"ते माही माय होती," ती म्हणाली. "पार्वती नाव होतं तिचं. गलत्याले वाऱ्यावर गेली ते. तुमी समदे हसले होते."

कोणी हसले नाही. कोणी टाळी वाजवली नाही. पुरुषांच्या बाजूला शामरावाने मान खाली घातली, आणि मग एकेक करून आणखी माना खाली गेल्या. आनंदरावांनी हात जोडले. ते द्वारकेला जोडले की पार्वतीबाईंना, ते स्पष्ट नव्हते. पण मूर्तिजापुरात अस्थींचा तांब्या जाताना वाटेतली माणसे जशी बाजूला होतात, तशी पुढच्या रांगेतली माणसे तिला खाली उतरायला वाट देऊन उभी राहिली. त्या वर्षीचे बक्षीस जाहीर करायचे राहूनच गेले, आणि कोणी विचारलेही नाही.

प्रसादाच्या वेळी बायकांनी तिला घेरले. सगळ्यांना एकच हवे होते. असे झाले तरी का? इतकी गोड माणसे, बोलायची का थांबली? त्याचे काही बाहेर होते की तिचे? पैशाचे होते की सासरचे? एकीने तर उमाकांतच्या कार्यालयातल्या एका बाईचे नावही घेऊन टाकले. कारण द्वारकेच्या जिभेच्या टोकावर होते. एक वाक्य पुरे झाले असते. दोन दिवस दडवलेला एक मृत्यू. एवढे सांगितले असते तर त्या सगळ्या बायकांनी तिथल्या तिथे अलकेची बाजू घेतली असती, कदाचित दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन तिच्याबरोबर रडल्याही असत्या.

द्वारकेने खिरापतीचा द्रोण संपवला आणि हात धुतले.

"काय माहीत, बाप्पा," ती म्हणाली. "मले नाही सांगितलं तिनं."

खातीपुऱ्याकडे जाणाऱ्या टेम्पोत शामराव तिच्या शेजारी अवघडून बसला. मग त्याने विचारलेच. "तू त्यायच्या घरी एवढी जात होती, तुले तरी ठाऊक असंन."

"नाही," द्वारका म्हणाली, आणि त्याला जागा व्हावी म्हणून थोडी सरकून बसली.